पडद्याखालचे पाय

“नाक असं न्हवतं त्यांचं,” झुंबरबाई म्हणाली. महिपतीनं चौथ्यांदा चित्रातलं नाक पुसलं.

दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा महिपती उरल्या वेळात लोणावळ्याचा बाजार रंगवायचा. तोही आठवणीतला, एकोणीसशे अठरा सालच्या तापाच्या साथीत ओस पडलेला: बंद फळ्या, रिकामी गल्ली, चिटपाखरू नाही. लोक हसायचे. “एखादं माणूस तरी काढ की लेका!” पण चेहरा काही त्याला जमायचा नाही. आणि नेमकी झुंबरबाईच नवऱ्याचं चित्र काढून दे म्हणून गळ्यात पडली. तिचा नवरा अंबाजी शिंपी त्याच साथीत गेला. फोटो एकही नाही. मुलगी मंजुळा तेव्हा पोटात होती. आता सात वर्षांची झाली होती आणि बाप कसा होता म्हणून आईचं डोकं खात होती.

“डोळे कसे होते?” महिपतीनं विचारलं.

झुंबरबाई रडायलाच लागली. “न्हाई ठावं, भाऊ. सासूसासऱ्याम्होरं मान वर करायची सोय हुती का? सा वर्सं नांदले, पर डोळं भरून तोंड बगितलं न्हाई.”

महिपती ओशाळला. अंबाजीकडून त्यानं स्वतः तीन सदरे शिवून घेतले होते, आणि त्यालाही आठवत होती ती फक्त मशिनवर वाकलेली टोपी.

“मग बघितलं काय?”

“पाय,” ती लगेच म्हणाली. “दुकान आन माजघरामदी पडदा. मी चुलीपुढं. पडद्याखालनं मशिनीवरचं पाय दिसायचं दिसभर. थांबलं की मी च्या टाकायची.”

“अरे देवा! हे आधी सांगायचं की!”

आजवर त्यानं ते दुकान रस्त्यावरून रंगवलं होतं. आता चित्रात तो पहिल्यांदाच आत शिरला. पडदा, खाली लोखंडी पायडल, त्यावर दोन पाय. झुंबरबाई बोट न बोट सांगत गेली. एकदाही अडखळली नाही.

चित्र तिनं चुलीसमोर, जमिनीलगत भिंतीला टेकवलं. मंजुळा हिरमुसली. “आये, ह्ये काय? तोंड कुटं हाय?”

“येवढंच हाय बाय माज्यापाशी.”

पोरगी चित्रापुढं फतकल मारून बसली. बराच वेळ बसली. मग तिनं आपला पाय पुढं करून चित्राला लावला.

“दुसरं बोट अंगठ्यापरीस लांब. माजंबी तसंच हाय, आये.”

खरंच तसंच होतं. सात वर्षं रोज पोरीचे पाय धुतले, पण झुंबरबाईच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. मोठ्या माणसाला पाय लावला म्हणून एरवी तिनं पोरीला धपाटा घातला असता. आज ती नुसती बघत बसली.