गरम असताना हलवू नये

माझ्या आतेभावाने माझा अ‍ॅम्प पळवला तेव्हा मी घरात नव्हते आणि अ‍ॅम्प चालू होता. पळवल्याचं मला फारसं काही वाटलं नाही. चालू होता हे त्याने पाहिलं, त्याची लाज वाटली.

पळवणं आमच्या वाळवंटातल्या लोकांत चालतं. आते-मामे भावंडांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं, एकमेकांची वाटेल ती वस्तू उचलून न्यावी, आणि जिची गेली तिने रागवायचं नाही. रागावली तर सगळं गाव हसतं. तिने फार तर त्याच्या घरी किंवा दुकानात जावं आणि एक वस्तू उचलून आणावी. आपलीच परत आणा, नाहीतर त्याची आणा, पण एकच. तिथे विषय संपतो. उक्सेमने आजवर माझी एक शेळी, दोन पातेली आणि डाव्या पायाची एक चप्पल नेली आहे. मी त्याच्या लग्नाच्या दिवशी त्याचा तोंड झाकायचा फेटा नेला होता. आमचे पुरुष चारचौघांत तोंड उघडं टाकत नाहीत. बिचारा निम्मा दिवस बहिणीच्या ओढणीत तोंड लपवून बसला.

अ‍ॅम्प मात्र खरं तर माझा नव्हता. केनानचा होता.

केनान माझ्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. बहिणीचा मुलगा आमच्यात आपला वारसच, त्यामुळे त्याला वाढवल्याबद्दल कुणी माझं कौतुक केलं नाही आणि मीही कुणाकडे मागितलं नाही. पुढे तो गिटार वाजवायला लागला. आमच्या बायकांच्या हाती ढोल आणि एका तारेची सारंगी असते, गिटार पुरुषांची. सारंगी मला कधी वश झाली नाही. माझी आई म्हणायची, तेहित वाजवते तेव्हा उंट उठून जातात. तेव्हा केनान शाळेत गेला की मी त्याची गिटार काढायची, त्याच्या कॅसेटी लावून बोटं शोधायची, आणि तो यायच्या आत ती होती तशी भिंतीला टेकवून ठेवायची. अशी चार वर्षं गेली. एकदा जेवताना तो एवढंच म्हणाला, "मावशी, तिसरी तार तू फार ताणतेस." आणि पुढचा घास घेतला.

मग जुनी गिटार माझ्याकडे ठेवून तो आणि त्याचे तीन मित्र वाजवायला उत्तरेला, समुद्रापार ग्रनोब्लला गेले. दुसऱ्या वर्षी परत आला तो हा अ‍ॅम्प घेऊन. गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, पण हा जुन्या पद्धतीचा, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला. वजन दोन करडांइतकं. बटण दाबून थांबायचं, व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी होतात, मग एक बारीक गुणगुण सुरू होते, मग वाजवायचं. बंद केल्यावरही लगेच उचलायचा नाही. "गरम असताना हलवू नये, मावशी," केनान मला बजावून सांगायचा, जणू काही घरात बाळंतीण होती. त्या उन्हाळ्यात चौघांनी अंगणात वाजवलं तेव्हा निम्मी गल्ली आमच्याकडे होती. अ‍ॅम्पची वरची बाजू चांगली तापते हे केनानच्या लक्षात आलं आणि एकाच पत्तीच्या तीन चहांतला दुसरा गार होऊ नये म्हणून त्याने चहाची किटली तिथे ठेवली. तिचा गोल, चिकट डाग अजून त्यावर आहे. मी तो पुसला नाही.

जाताना म्हणाला, "हा इथेच राहू दे. दरवेळी कुठून वाहून आणू? मी येईन तेव्हा लागेल."

त्यानंतर तो एकदा आला. त्यालाही चार वर्षं झाली. मित्रांपैकी एकाने तिकडे लग्न केलं, दोघे दक्षिणेला सोनं खणायला गेले. केनान दर शुक्रवारी फोन करायचा, मग अधूनमधून, आता आवाजाचे छोटे संदेश पाठवतो. प्रत्येकात शेवटी म्हणतो, येतोय.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचं एक आहे. त्याला माणसं लागतात. आवाज तीनच्या वर नेल्याशिवाय तो तोंड उघडत नाही, खाली ठेवला तर पडसं झाल्यासारखा बोलतो. आणि तीनच्या वर नेला तर शेजारच्या घरातून विचारणा होते की तुमच्याकडे कुणाचं लग्न आहे का. माझ्याकडे कुणाचं लग्न असणार? नवऱ्याला सोडून मला वीस वर्षं झाली. बरा माणूस होता, फक्त सगळ्या गोष्टी दोनदा सांगायचा.

तर मी काय करायला लागले, ते सांगते. गिटार खुंटीवरच ठेवायची आणि अ‍ॅम्प नुसता लावायचा. व्हॉल्व्ह नारिंगी होत, गुणगुण सुरू होई आणि मी कांदा चिरायला बसे. कुणीतरी खोलीत आहे आणि आत्ता काही बोलत नाहीये, असा तो आवाज होता. मग बाजारात जातानाही चालू ठेवून जायला लागले. कुलूप काढताना दाराबाहेरच ऐकू येई. विजेचं बिल भरताना मी कारकुनाकडे बघायचं टाळत असे.

हे असं चाललं होतं आणि रखमातू आली.

रखमातू माझी लहानपणची मैत्रीण. ती गावात राहत नाही, तिचा तंबूंचा तळ अफिलालच्या पाणवठ्याच्या खालच्या अंगाला आहे. चहाचा तिसरा ग्लास होईपर्यंत ती शेळ्यांबद्दलच बोलली. मग म्हणाली, "येत्या गुरुवारी माझ्या मुलीचं लग्न. गिटारवाली पोरं सगळी उत्तरेला गेलीत. तू ये आणि वाजव."

"मी?"

"नाहीतर काय तुझी सारंगी ऐकू?"

"बाई मी. पुरुष काय म्हणतील?"

"तंबू माझा आहे. पुरुष तागेलाची भाकरी खातील आणि गप्प बसतील."

मला जावंसं वाटलं. फार वाटलं. इतकी वर्षं मी भिंतीकडे तोंड करून वाजवलं होतं. पण मी म्हटलं, "अ‍ॅम्पला वीज लागते. तुमच्याकडे गाडीची बॅटरी आहे नुसती. आणि त्या रस्त्यावर व्हॉल्व्ह फुटतील."

"मग दुसरा घे, छोटा."

"घरात एक असताना दुसरा कशाला?"

रखमातूने किटलीच्या त्या डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शाल सावरत उठली. "बुधवारी संध्याकाळपर्यंत गाडी गावात आहे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी उक्सेमच्या दुकानात गेले. डिश, रेडिओ, फोन, सगळं तो उघडतो, त्यातलं काही परत बंदही होतं. सहज चौकशी करतेय असं दाखवलं. त्याने फळीवरून चपलांच्या खोक्याएवढा एक अ‍ॅम्प काढला. ट्रान्झिस्टरचा. आत काच नाही, तापणं नाही. गाडीच्या बॅटरीला दोन चिमटे लावले की झालं. त्याने गिटारची वायर माझ्या हातात दिली. मी एक सूर छेडला. आवाज लगेच आला, थांबणं नाही, नारिंगी होणं नाही. कोरडा होता, भाजलेल्या बाजरीसारखा. पण अगदी हळू वाजवलं तरी तोच राहत होता, पुटपुटत नव्हता.

"कसा आहे?" उक्सेम म्हणाला.

"पोस्टमनसारखा. आला, दिलं, गेला."

"आणि तो तुझा?"

"तो गातो."

"कुणासाठी गातो गं? तुझ्या कांद्यांसाठी?"

 कांद्यांचं याला कसं कळलं? नुसतं बोलण्याच्या ओघात आलं असेल.

"म्हातारे, माझ्याशी लग्न केलं असतंस तर तुला हवे तेवढे अ‍ॅम्प मिळाले असते," तो म्हणाला.

"आणि तू मेला असतास. दुसऱ्याच वर्षी मी तुला विष घातलं असतं."

"दुसऱ्या? म्हणजे एक वर्ष सुखाचं."

"छोटा नको मला," मी म्हटलं. "मोठा आहे तोवर छोटा घरात आणणं बरं दिसत नाही. केनान आला तर काय म्हणेल?"

उक्सेमने वायर गुंडाळायला घेतली. फार नीट गुंडाळत होता. केनान येणार नाही असं तो म्हणाला नाही. तो वाटेल ते बोलू शकत होता, आणि तेवढंच बोलला नाही.

बुधवारी सकाळी मी दूरच्या नात्यातल्या एका आजारी बाईंना बघायला गेले होते. दुपारी परत आले, कुलूप काढायला किल्ली काढली आणि थांबले. आतून काही ऐकू येत नव्हतं. वीज गेली असेल म्हणून मी शेजारी पाहिलं, तिथे पंखा फिरत होता.

दाराच्या कडीला कुलूप नुसतं अडकवलेलं होतं. चावी उक्सेमकडेही असते. खोलीत अ‍ॅम्पच्या जागी फरशीवर चार पायांचे स्वच्छ चौकोन होते, बाकी धूळ. गिटार खुंटीवर होती तशीच. आणि शेगडीजवळ चहाचा एक ग्लास, किटली, आणि तीन वेळा उकळलेली चहाची पत्ती.

मला कळायला वेळ लागला नाही. तो आला, त्याने दाराबाहेरच गुणगुण ऐकली असणार. आत कुणी नाही, गिटार खुंटीवर, आणि अ‍ॅम्प चालू. त्याने तो बंद केला. मग गार होईपर्यंत माझ्या शेगडीवर माझाच चहा केला, एकटाच बसून पहिला प्यायला, दुसरा प्यायला, तिसरा प्यायला. उक्सेम आयुष्यात कधी एका जागी तीन ग्लास बसलेला नाही, स्वतःच्या सासऱ्याकडेसुद्धा. मग उचलून नेला.

मी बराच वेळ त्या चौकोनांकडे बघत बसले. खोली एवढी मोठी आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. शेजारचा पंखा, बाहेरून एक बकरी, माझा श्वास. कांदा चिरायला घेतला तर सुरीचा आवाज येत होता.

तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाल्यावर मी त्याच्या दुकानात गेले. नियम मला ठाऊक होता, त्यालाही. दोन्ही अ‍ॅम्प त्याने फळकुटावर शेजारी शेजारी ठेवले होते. मोठ्यावर किटलीचा डाग. छोट्यावर नुसती धूळ.

"आलीस," तो म्हणाला. "मला वाटलं पोलीस घेऊन येशील."

"चहा किती वापरलास रे? अर्धा डबा खाली केलास."

"फार वेळ तापलेला होता तो."

मी छोट्यावरची धूळ बोटाने पुसली.

"किती दिवस झाले, तेहित?" त्याने हे हळू विचारलं. म्हातारे म्हणाला नाही.

"दोन वर्षं."

तो मान हलवून स्क्रू-ड्रायव्हरने उगाच एक स्क्रू घट्ट करायला लागला. "एक उचल," म्हणाला. "कुठलाही. मी आड येणार नाही. मोठा उचललास तर घरापर्यंत मीच आणून देईन, पाठ मोडली तरी."

मी मोठ्याच्या कडीला हात घातला. खरंच घातला. गार होता. इतका गार मी त्याला कधी पाहिला नव्हता. मनात आलं, याला नेलं तर संध्याकाळी लावीन, आणि उद्या रखमातूकडे ढोलावर लग्न होईल, आणि मी इथे कुणीतरी आहे असं धरून बसेन. आणि केनान आलाच तर त्याला काय दिसेल? अ‍ॅम्प जागेवर. मावशीची बोटं गेलेली.

मी हात काढला आणि छोटा उचलला. एका हातात आला.

"चिमटे दे," मी म्हटलं. "आणि मोठ्याला मधूनमधून लाव. पडून राहिला तर खराब होतो."

"किटली ठेवू वर?"

"केनानच्याच डागावर ठेव. दुसरा डाग पाडलास तर तुझी बायको उचलून नेईन."

"ने," उक्सेम म्हणाला. "चहा तरी चांगला करेल तुला."

दुकानाबाहेर उभी राहून मी केनानला संदेश पाठवला. आधी वाक्य जुळवलं, मग मोडलं, शेवटी सरळ सांगितलं की तुझा अ‍ॅम्प मी उक्सेमकडे ठेवला, वाजवायला छोटा घेतला, तू आलास की परत आणू. गाडीत सामान चढवेपर्यंत उत्तर आलं. मागे ट्रामसारखं काहीतरी खडखडत होतं.

"मावशी, अजून होता तो? मला वाटलं तू कधीच देऊन टाकला असशील. बरं केलंस. मीसुद्धा इथे छोटाच वापरतो. खोली लहान आहे ना, आणि वर एक बाई राहते, ती काठी आपटते. येतोय मी."

मी तो संदेश दोनदा ऐकला. तो एकटा, लहान खोलीत, आवाज एकवर ठेवून. आणि मी इथे त्याच्यासाठी तोफ जपत बसले होते.

गुरुवारी अफिलालला ढोलाभोवती उंटस्वारांच्या फेऱ्या संपल्या, ढोलावरच्या बायका पाणी प्यायला थांबल्या. रखमातूच्या भावाने गाडी तंबूजवळ आणून बॉनेट उघडलं. मी चिमटे लावले. अ‍ॅम्प चटईवर माझ्या गुडघ्याजवळ ठेवला. म्हाताऱ्या बायका अगदी जवळ सरकल्या, पुरुष फेट्याआडून बघत लांब उभे राहिले. एकीने विचारलं, "हा एवढासाच?" रखमातू म्हणाली, "नवरीसुद्धा एवढीशीच आहे."

मी पहिला सूर घेतला. वाळूत तो दूरपर्यंत गेला, कोरडा, स्वच्छ. तिसरी तार मी फार ताणली होती. ती तशीच राहू दिली.

दोन गाणी झाल्यावर मी हात खाली घेतला, घाम पुसायला. मोठा अ‍ॅम्प असता तर त्या मधल्या वेळात गुणगुणत राहिला असता. हा थांबला की पूर्ण थांबतो. एवढी माणसं बसली होती आणि क्षणभर कुठूनही काही ऐकू येईना, तेव्हा मला माझ्या खोलीतले ते चार स्वच्छ चौकोन दिसले. उद्या धूळ त्यांच्यावरही बसेल.

"दमलीस का गं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"नाही," मी म्हटलं, आणि तिसरं सुरू केलं.