मावशीची सही

"या सहीनंच घोळ केलाय," वकीलबाई म्हणाल्या आणि मृत्युपत्राचं शेवटचं पान त्यांनी धाकट्यापुढे सरकवलं.

धाकट्याने चष्मा पुसला. मामाच्या सहीखाली दोन साक्षीदार होते. एक शेजारचा टायपिस्ट, दुसरी मावशी. तिचं प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ.

"खोटी आहे का?"

"खरी आहे हो, म्हणून तर अडलंय. मामांनी घर बहिणीला दिलं आणि साक्षीलाही तिलाच बसवलं. तुम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या वारसा कायद्यात साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. कोर्ट प्रोबेट देईल, म्हणजे मृत्युपत्र खरं ठरवेल, पण घर तिघा वारसांत वाटलं जाईल. त्या, आणि तुमच्या गेलेल्या आईच्या जागी तुम्ही आणि तुमचे थोरले बंधू."

"आम्ही दोघांनी हक्क सोडला तर?"

"मग मिटलंच. सोडतील ते?"

धाकट्याने चष्मा पुन्हा पुसला. मामा गेल्याच्या आठवड्यातच थोरल्याने दलालाला घर दाखवलं होतं. आणि थोरल्याला नाही म्हणणं त्याला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. सगळी नोकरी ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यात गेली. तिथे कुणाला नाही म्हणावं लागत नसे. मामाने अंमलबजावणीसाठी असला माणूस का निवडला असेल?

रस्त्याने येताना त्याला मामाचा राग काही येईना. आई सतत आजारी, म्हणून दोघे भाऊ शाळेची वर्षं मामाकडेच वाढले. पार्सल येवो, मीटर बघणारा येवो, त्या घरात सही लागली की मामा ओरडायचा, "अगं, ये गं!" आणि इस्पितळात दिवसभर टेलिफोन जोडून आलेली मावशी पिठाचे हात पुसत यायची. काय लिहिलंय ते कधी विचारत नसे.

घरी थोरला आधीच आला होता. गुडघा धरून टेपने घरातल्या बोळाची लांबी मोजत होता.

"काय म्हणाली तुझी वकीलबाई?"

धाकट्याने सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात मावशी ऐकत उभी होती.

"घर मला दिलं होतं त्यानं?" ती म्हणाली. "मला मेलीला काय ठाऊक! म्हणाला, इथं कर. केली. मग मीच घालवलं म्हणायचं."

"घालवलं नाहीस," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "दादा, हे घर विकायचं नाही. मी माझा हक्क सोडतोय. तूही सोड."

"अरे वा! वाचा फुटली की. आणि नाही सोडला तर?"

"तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"असाही तू कुठे बोलतोस?"

मावशी खुदकन हसली आणि लगेच डोळ्याला पदर लावला. थोरल्याने टेप खाली ठेवली, धाकट्याच्या हातातला कागद घेतला आणि खिडकीपाशी नेला. बराच वेळ तो त्या सहीकडे बघत राहिला.

"गणितात गटांगळी खाल्ली तेव्हा प्रगतिपुस्तकावर हीच सही होती ना गं?"

"दोनदा. आणि याच्या भूगोलावर एकदा."

"बाबांना कळू दिलं नाहीस."

"कळून काय गणित येणार होतं तुला?"

थोरला खिसे चाचपत म्हणाला, "दलालाला मी सांगतो. शिव्या घालेल. आणि ती वकीलबाई उद्या किती वाजता भेटते ते विचार." बसायला खुर्ची शोधावी तर सगळ्यांवर मामाच्या कपड्यांचे ढीग. तो सरळ फरशीवरच टेकला. "इथेच झोपायचो ना रे आपण?"

"तू भिंतीकडे. मी दाराकडे."

"कारण तू घाबरट."

"लाथा तू मारायचास!"

दोघे म्हातारे फरशीवर आडवे झाले. आधी थोरला हसायला लागला, मग धाकटा; हसता हसता थोरल्याला ठसका लागला. आतल्या खोलीचं दार बंद होतं. त्यांच्या शाळेच्या दिवसांत रात्रपाळी करून आलेला मामा दुपारभर तिथेच झोपायचा.

मावशीने दोघांच्या डोक्याखाली उशा सरकवल्या आणि खिडकीचा पडदा ओढला.

"हळू रे," ती म्हणाली. "मामा उठेल."

दोघेही गप्प झाले.