पहिल्या क्रमांकाची बाई

कोरियातल्या वोनजू गावी, आठव्या मजल्यावरच्या घरात जिनओक सोयाबीनच्या मोडांच्या शेपट्या खुडत बसली होती. मधूनमधून हात पुसून ती फोनवर उत्तरं लिहीत होती. तिची चार वर्षांची मुलगी सोल जन्मापासून खाजेने हैराण. तिच्यापायी जिनओक जे शिकली, ते ती गावातल्या आयांच्या ऑनलाइन गटात सांगत असे. तिथे तिने नाव घेतलं होतं ‘सातूचं पाणी’. कुणी विचारी, “हा साबण चालेल का हो?” ती लिही, “आम्हाला नाही चालला, बाई. पुरळ उठलं.”

दारात धाकटी बहीण सनहे उभी राहिली, हातात मलमांच्या डब्यांची पिशवी घेऊन.

सनहे राजधानीत एका जाहिरात कंपनीत होती. अशा गटांत कुणाच्या शब्दाला वजन आहे, ते हुडकून काढणं हे तिचं काम. कोण कुणाला विचारतं, विचारल्यावर काय विकत घेतं, याचा संगणकावर माग काढायचा आणि माणसांची क्रमवार यादी करायची. वोनजूच्या यादीत पहिला क्रमांक होता ‘सातूचं पाणी’. या बाईच्या शब्दाला वजन का आलं, हे त्या कचेरीत कुणी विचारलं नाही. वजन आहे ना, मग विका! आपण विश्वासाचा बाजार मांडतो आहोत, याची तिथे कुणाला लाजही वाटत नव्हती.

“ताई, एवढंसं काम. दहा दिवस लाव, गुण आला तर लिही.”

“आणि फुकट मिळालंय, तेही लिहिते.”

“ते लिहिलंस तर ऐकणार कोण तुझं?” सनहेचा चेहरा उतरला. “मी करारावर आहे गं, कधीही काढतील. साहेब परवाच म्हणाले, सख्ख्या बहिणीला पटवता येत नाही, ती गिऱ्हाइकांना काय पटवणार?”

आई गेल्यावर सनहेला जिनओकनेच वाढवलं होतं. तिचं मन विरघळलं. दहा दिवसांत सोलच्या कोपरांवरची कातडी लोण्यासारखी मऊ झाली. जिनओकने लिहिलं, “डबीवर म्हटलंय की यात स्टिरॉइड नाही. आमच्या सोलला गुण आला.” त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फुकट मिळाल्याचं तेवढं तिने गाळलं होतं.

आठवड्याभरात गटात जो तो तेच मलम मागवू लागला. गाराम नावाच्या सात महिन्यांच्या बाळाची आई तर दर गोष्ट जिनओकला विचारून करणारी. तिने फोटो टाकला, “सातूताई, बघा गालांनी कसं बाळसं धरलंय!” जिनओकने कौतुकाने तो फोटो सोललाही दाखवला.

महिन्याने कळलं, ते बाळसं नव्हतं, सूज होती. मलमात जबर स्टिरॉइड दडवलेलं होतं. गाराम अतिदक्षता विभागात होता.

सनहेचा फोन आला. “ताई, लिहिलेलं काढून टाक नि गप्प बस. इथे खरं लिहिलं तरी बदनामीचा खटला भरतात, माहितेय ना? माझी नोकरी तर जाईलच.”

“जाऊ दे. माझ्याकडे ये, दोन घास मला जड नाहीत,” जिनओक म्हणाली. “पण आत्ता या घटकेला कितीतरी घरांत ती डबी उघडली जात असेल, सनहे. माझ्या शब्दावर!”

पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं.

जिनओकने या वेळी स्वतःचं खरं नाव घालून लिहिलं. मलम फुकट मिळालं होतं, बहिणीच्या कंपनीमार्फत आलं होतं, मी लपवलं. त्यात स्टिरॉइड आहे. मनाने एकदम बंद करू नका, आजच मुलाला डॉक्टरकडे न्या. दोन तासांत तो मजकूर दिसेनासा झाला. तक्रार आली की मजकूर महिनाभर झाकायचा आणि खरंखोटं मागाहून बघायचं, हा तिथला शिरस्ता. तेव्हा तिने आठवतील त्या आयांना एकेक करून फोन लावले आणि मग ती इस्पितळात गेली.

गारामची आई बाकावर बसली होती. जेमतेम पंचविशीची पोर. दोघी पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या. जिनओकने तिच्यापुढे गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. शिव्या, थप्पड, सगळं सोसायची तयारी करून ती आली होती.

पोरीने जिनओकची बाही धरली.

“मग आता त्याला कुठलं मलम लावू, सातूताई? तुम्हीच सांगा ना.”

जिनओकला हुंदका आवरेना.

“डॉक्टरांना विचार गं,” ती म्हणाली. “माझं ऐकू नकोस. बाई, माझं नको ऐकूस.”