हेरंबचं प्रकरण विचाराधीन

मी आठ वर्षांचा असताना एका गुरुवारी पाऊण तास मेलो होतो. डॉक्टरांचं म्हणणं, बेशुद्ध होतो. पण डॉक्टर तिथे नव्हते, मी होतो.

साल एकोणीसशे एकसष्ट. बडोद्यात वाडी नावाच्या पेठेतल्या आमच्या घरी विषमज्वर शिरला होता. माझी तेरा वर्षांची ताई, नीरा, सोमवारी गेली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर पोचलो तर एका लांबलचक पडवीत पन्नासेक मुलं सागरगोटे खेळत होती, कुणालाच ताप नव्हता, आणि ताई बाकावर पाय हलवत बसली होती.

"आलास? मूर्खा!" ती म्हणाली. "तीन दिवस पुढे जायची गाडी सोडून देतेय तुझ्यासाठी. तू येऊ नयेस म्हणून प्रार्थना करत होते, आणि आलास तर चुकू नयेस म्हणून बसले होते."

पडवीच्या टोकाला एक खिडकी. खिडकीत जयवंतराव, पूर्वी बडोदे संस्थानात अधिकारी. मेल्यावरही त्यांनी पगडी सोडली नव्हती. खाली गुजरात-महाराष्ट्र वेगळे झाले तशी वरही दोन खाती झाली होती, दोन गाड्या सुटत होत्या. आता आम्हा बडोदेकर मराठी मंडळींना कुठे घालायचं? त्यावर तोडगा असा, की खिडकीवर ज्या भाषेत उत्तर द्याल त्या खात्यात नाव. ताईचं महाराष्ट्रात लागलं होतं.

"नाव काय बाळ? राहायला कुठं?" जयवंतरावांनी चक्क मराठीत विचारलं.

आमच्या बाबांची शिस्त अशी, की घरात शुद्ध मराठी आणि उंबरठा ओलांडला की गुजराती, म्हणजे कुणी आपल्याला परकं म्हणायला नको. मी इकडेतिकडे पाहिलं. उंबरठा कुठेच नव्हता. म्हणजे हे बाहेरच.

"मारुं नाम हेरंब. वाडीमां रहुं छुं."

"गुजरात," जयवंतराव म्हणाले आणि त्यांनी लिहिलं.

"अरे गाढवा!" ताईनं कपाळावर हात मारला. "आता तू त्या गाडीत आणि मी ह्या!"

मी तिचा फ्रॉक घट्ट धरला. ती भिंतीवरच्या नियमांच्या फलकाकडे बघत राहिली. मग तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी किंचाळलो, "आई गं! मेलो!"

"हे मराठी आहे," ताई जयवंतरावांना म्हणाली. "ऐकलंत ना?"

जयवंतरावांची लेखणी थांबली. महाराष्ट्र खात्याचे मोहनराव धावत आले. "रडला मराठीत. आमचा!"

"नाम गुजरातीमां लखाव्युं, छोकरो अमारो छे!" गुजरात खात्याचे रसिकभाई ओरडले. दोघांनी माझा एकेक हात धरला.

"कलम नऊ," ताई म्हणाली. "'ज्याच्या खात्याबद्दल वाद असेल, त्यास निकाल लागेपर्यंत मूळ पत्त्यावर ठेवावे.'"

जयवंतरावांनी चष्मा पुसला. "हे कलम आजवर कुणी वाचलं नव्हतं."

"तीन दिवस दुसरं होतं काय वाचायला?"

मूळ पत्ता म्हणजे घर, हे माझ्या लक्षात आलं आणि मी भोकाड पसरलं. "मला नाही जायचं! मी ताईबरोबर राहणार! मी आता सगळं मराठीत बोलीन!"

"मुली," जयवंतराव हळूच म्हणाले, "त्यानं असं लिहून दिलं तर वाद मिटतो. तुम्ही दोघं एका गाडीत. नाहीतर तुला एकटीला जावं लागेल. बघ."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग नाक ओढून ती म्हणाली, "तो लहान आहे, त्याचं काय ऐकता? मारा शिक्का."

माझ्या कागदावर 'विचाराधीन' असा शिक्का बसला. आज मी सत्तरी ओलांडली तरी निकाल आलेला नाही. दोन्ही खात्यांच्या संथपणाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

"आईला सांग, माझं डोकं आता दुखत नाही," ताई म्हणाली. "आणि परत येशील तेव्हा सावकाश ये. घाई केलीस तर आणखी एक चिमटा!"

डोळे उघडले तेव्हा आई उशाशी होती. बाबा पलीकडे उभे होते. मी ताईचं नाव घेताच बाबा घाईघाईनं म्हणाले, "नीरा इंदूरला गेलीय, मावशीकडे."

"नाही बाबा, ती वर आहे. तिचं डोकं आता दुखत नाही. आईला सांग म्हणाली."

बाबा मटकन खाली बसले. आई मात्र पुढे वाकली. "एकटी आहे का रे ती?"

"छे! खूप मुलं आहेत. आणि तिथल्या साहेबांना ती नियम शिकवते."

आईच्या डोळ्यांना धार लागली होती, तरी ती हसली. "शिकवणारच," ती म्हणाली. "इथं मला काय कमी शिकवत होती?" मग तिनं बाबांना हाताला धरून उठवलं, माझ्याजवळ बसवलं आणि मला म्हणाली, "हं, आता पहिल्यापासून सांग."