म्हसोबाचा शेंदूर

देवाला भेटायला तिकीट काढावं लागतं, हे माझ्या वडिलांना, आबांना, काही केल्या पटत नव्हतं. खिडकीला चिकटून ते आतल्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगत होते, "आमचाच देव हाय. आमच्याच मळ्यातून आणलाय तुमी." मागं शाळेच्या पोरांची ही लांब रांग, त्यांचा कलकलाट, आणि माझं डोकं आधीच तापलेलं. मागच्या खेपेला आलो तो नेमका सोमवार निघाला, संग्रहालयाच्या फाटकाला भलंमोठं कुलूप. आमच्या गावाहून, शेंद्र्याहून, नव्या जोडप्याला हळदीच्या अंगानं जीपमध्ये कोंबून आणलं आणि तसंच परत नेलं. आज पुन्हा तीच वरात. शेवटी आबांना बाजूला सारून तिकिटं मीच काढली.

आमचा मळा कारखान्यांच्या वसाहतीत गेला. मळ्याच्या कोपऱ्यात लिंबाखाली म्हसोबा होता. शेंदराची पुटं चढून चढून त्याचा नुसता गोळा झाला होता, ना नाक ना डोळे. जमीन सपाट करायला यंत्रं आली तेव्हा सरकारी माणसांनी दगड पाहिला, जुना आहे म्हणाले आणि शहरात घेऊन गेले. कारखान्याच्या भिंतीखाली गाडला जाण्यापेक्षा बरं, म्हणून आबांनीही जाऊ दिला. आता माझ्या धाकट्या भावाचं, रामकिसनचं, लग्न झालं. नवरानवरी म्हसोबाच्या पाया पडल्याशिवाय आमच्यात संसार सुरू होत नाही.

नवरानवरी म्हणायचं आपलं. पुढं जायचं ते नवऱ्यानं. म्हसोबाला बाईची सावली चालत नाही, म्हणून बाईनं बांधाच्या अलीकडून हात जोडायचे. माझी आई, भागूबाई, एकदाच बांध ओलांडून गेली होती. वासरू दावं तोडून लिंबाखाली शिरलं होतं, त्याला आणायला. त्याच पावसाळ्यात तिची पहिली मुलगी तापानं गेली. तू सावली पाडलीस म्हणून म्हसोबानं पोर नेली, असं सासूनं सांगितलं आणि आईनं ते खरं मानलं. नंतर मी झाले. ही तरी टिकावी म्हणून माझं नाव दगडाबाई ठेवलं. मी गंगापूरला शाळेत शिकवते. ताप कशानं येतो हे आईला हजारदा सांगितलं असेल. ती मान डोलावते आणि मनातलं मनात ठेवते.

आज निघताना ती माझ्या कानाशी लागून म्हणाली होती, "तिथं बांध नसंल ना गं? एकदा जवळून माफी मागते. मंग मी मोकळी."

दारात फारूख नावाच्या पहारेकऱ्यानं नारळ, अगरबत्ती, हळदकुंकू सगळं काढून घेतलं. "अंदर पूजा नक्को, काका." आबा तडकले. मी कशीबशी समजूत घातली, तर त्यांनी नवाच हुकूम सोडला, "बाया हितंच थांबतील. रामकिसन, चल."

"आबा, पाच तिकिटं काढलीत मी," मी म्हणाले. "आम्ही तिघी काय दारात वारा खायला आलोय?"

नवी नवरी पदराआड हसली. आबा पाय आपटत पुढं गेले आणि आम्ही त्यांच्या मागून.

आत वीज गेलेली. पंखे बंद, उकाड्यानं जीव नकोसा झालेला. तलवारी पाहिल्या, चिलखतं पाहिली, नाणी पाहिली, फुटक्या रांजणाचे तुकडेसुद्धा पाहिले. दगडी मूर्तींच्या दालनात दोन चकरा झाल्या. शेंदरी गोळा कुठंच नाही.

"इकला!" आबा ओरडले. "इकला आमचा देव ह्यांनी!"

शाळेची पोरं गोळा झाली. रामकिसन घाम पुसत मुंडावळ्यांच्या खुणा चोळत उभा. आवाज ऐकून बिल्किस मॅडम आल्या, संग्रहालयाच्या अधिकारी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "शेंद्र्याची मूर्ती? तुमच्या मागंच आहे ना."

आम्ही वळलो. काळ्या दगडाची एक बाई मांडी घालून बसली होती. मांडीवर बाळ. बाळाची मूठ तिच्या गळ्यातल्या हारात अडकलेली.

"शेंदूर काढायलाच किती दिवस गेले आमचे," मॅडम म्हणाल्या. "मातृका आहे ही. लेकुरवाळी देवी."

"ही आमची नाय," आबा म्हणाले. "आमचा म्हसोबा बाप्या हाय."

रामकिसन खाली वाकला. बैठकीच्या कोपऱ्याचा टवका उडालेला होता. "आबा, हितं तुमच्या नांगराचा फाळ लागला होता नं?"

आबा टवक्याकडं बघत राहिले. माझा मात्र तोल सुटला. एवढी वर्षं आईनं जे उरावर वागवलं, ते सगळं मला एकदम आठवलं. "बोला की आता, आबा! ह्या बाईला बाईच्या सावलीचा विटाळ व्हत होता व्हय?"

"आमच्या आज्यापासून तसंच चालत आलं," ते पुटपुटले आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसले.

आई कधी पुढं गेली ते कळलंच नाही. ती देवीकडं बघतच नव्हती, बाळाकडं बघत होती. "हिच्या मांडीवर तर लेकरू हाय," ती म्हणाली. "ही कशाला कुणाचं लेकरू नेईल?" तिनं हळूच बाळाच्या पायाकडं हात नेला.

"अम्मा, हात नक्को लगाओ!" गलका ऐकून दालनाच्या दारात आलेला फारूख ओरडला.

विस्तवाला लागल्यासारखा तिनं हात मागं घेतला. पदर डोक्यावर ओढला आणि मागं मागं सरत पार उंबऱ्यापर्यंत गेली. "चुकलं बाबा," ती फारूखला हात जोडून म्हणाली. "चुकलं माझं."

फारूख ओशाळला. नियम नियमच असतो हे मलाही कळतं, मीही पोरांना रोज तेच सांगते, पण त्या क्षणी मला तिथल्या 'हात लावू नका'च्या पाटीसकट सगळं दालन फोडून टाकावंसं वाटलं. "येऊ द्या त्यांना," बिल्किस मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. "एकदा लावू द्या हात."

मी आईचा दंड धरला. "माय, चल. मॅडम स्वतः हो म्हणतायत. कुणी काय म्हणत नाय तुला."

ती जागची हलली नाही.

"नको गं," ती म्हणाली. "हितून दिसतंय मला."