पालकांच्या हस्ताक्षरात

आठवीत नव्याने येणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची सभा घ्यायची, ही कल्पना मृणालिनीबाईंचीच. राई आणि मुर्धा या जवळच्या गावांतल्या सातवीपर्यंतच्या शाळांतली मुलं भाईंदरच्या या हायस्कूलमध्ये यायची आणि पहिले दोन महिने नुसती बावरलेली असायची. तिथे वर्गाला एकच बाई, इथे दर तासाला नवा चेहरा. त्यात सेमी घेतलं तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. मुलांची ही दमछाक बाईंना बघवेना. म्हणून शाळा उघडण्याआधीच्या शनिवारी त्या सभा घेऊ लागल्या. वेळापत्रक समजावायच्या, वह्या किती आणि कुठल्या ते सांगायच्या, सगळ्या वर्गखोल्यांतून मुलांना फिरवून आणायच्या. मुख्याध्यापकांनीही कौतुक केलं.

तिसऱ्या वर्षी त्यांनी सभेत एक नवी गोष्ट आणली. प्रत्येक पालकाने आपल्या मुलाबद्दल दहा ओळी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यायच्या. मुलाला काय आवडतं, कशाची भीती वाटते, घरी काय काम करतो. मूल आधीच ओळखीचं झालं की शिकवणं सोपं जातं, असा बाईंचा विचार, आणि तो काही चुकीचा नव्हता.

त्या सभेला मुर्ध्याहून शेवंती आली होती. बाजारात मासळी विकणारी बाई. त्या दिवशी सकाळची टोपली जावेच्या हवाली करून, ठेवणीतलं लुगडं नेसून ती लेकीला, समिधाला, घेऊन पाऊण तास आधीच येऊन बसली होती. कागद वाटले गेले तेव्हा तिने तो लेकीपुढे सरकवला. ती कानात सांगत होती, समिधा लिहीत होती. दोन ओळी झाल्या असतील नसतील, तेवढ्यात बाकांमधून फिरणाऱ्या बाई तिथे थांबल्या.

"अगं, हा कागद आईने लिहायचाय. स्वतःबद्दल तूच लिहिणार होय?"

आजूबाजूचे दोनचार जण हसले. तसं कुणाच्या मनात वाईट नव्हतं.

"मना लिवता येत न्हाय, बाई," शेवंती हळू आवाजात म्हणाली.

बाईंना तिथेच थांबता आलं असतं. पण समोर साठ पालक, पुढे वर्ग दाखवायचे राहिलेले. "मग घरात ज्याला लिहिता येतं त्याने यायचं ना सभेला," असं म्हणून त्या पुढच्या बाकाकडे वळल्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या ते लक्षातही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कागदांचा गठ्ठा चाळताना समिधाचा कागद दिसला नाही. दहाबारा जणांचे नव्हतेच, त्यांतलाच एक, असं त्यांनी धरलं.

समिधाला सेमीच्या तुकडीत घातलं होतं, तेही बाईंच्याच सांगण्यावरून. मुलगी हुशार होती. आठवी तिने कशीबशी काढली. नववीत ती सेमीच्याच दुसऱ्या तुकडीत, पराग सरांच्या वर्गात गेली आणि बाईंच्या नजरेआड झाली. जानेवारीत दहावीला जाणाऱ्या मुलांची यादी चाळताना तिचं नाव दिसेना. पराग सरांना विचारलं तर ते म्हणाले, दिवाळीनंतर आलीच नाही. दोनदा चिठ्ठी पाठवली, पण आई एकदाही शाळेत फिरकली नाही. पालकांनाच पडलेली नाही तर आपण काय करणार?

पडलेली नाही, या शब्दांपाशी बाई अडखळल्या. पाऊण तास आधी येऊन बसलेली शेवंती त्यांना आठवली. आणि मग आपण काय बोललो तेही, अगदी शब्दन् शब्द.

रविवारी त्या मुर्ध्याला गेल्या. शेवंतीने त्यांना खुर्ची दिली, चहा ठेवला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच बाईंना जड गेलं.

"आमी शालेत कशाला येनार, बाई? तुमीच सांगलेलं, लिवता येतं त्यानं यायचं. हिचा बाप बोटीवर. त्यालाबी येत न्हाय."

समिधा दाराशी उभी होती. उंच झाली होती. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात ती पॅकिंगला जायची. बाईंनी विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं. इंग्रजीतलं विज्ञान तिला कळत नव्हतं. तुकडी बदलून मराठीची मागायची तर पालकांना आणा, असं ऑफिसात म्हणाले. तिने ते घरी सांगितलंच नाही. सरांच्या चिठ्ठ्याही तिनेच फाडल्या.

"का गं?" बाईंनी विचारलं.

"आईला परत कुणी हसायला नको होतं."

शेवंतीने लेकीकडे पाहिलं. चिठ्ठ्यांचं तिला आत्ता पहिल्यांदाच कळत होतं. तिने पदराने चहाचं भांडं धरून उतरवलं आणि तसंच हातात धरून राहिली.

बाईंनी हात जोडले. "चूक माझी झाली," एवढंच त्यांना म्हणता आलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, मी दर रविवारी शिकवायला येईन, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. समिधाने सगळं नीट ऐकून घेतलं. "बघते, बाई," ती म्हणाली. दोन रविवार बाई जाऊन आल्या. पहिल्या रविवारी ती पुस्तक घेऊन बसली. दुसऱ्या रविवारी गाळ्यात जादा काम होतं. त्यानंतर बाईंनाच तिच्या सुट्टीच्या दिवशी दार वाजवायला अवघड वाटू लागलं, आणि ते जाणं राहिलं. याचीही टोचणी त्यांना लागून राहिली आहे.

आता सभेत कागद नसतो. मे महिन्यात बाई स्वतःच राईला आणि मुर्ध्याला जातात, ओट्यावर बसून आयांशी बोलतात, आणि त्या सांगतील ते स्वतः लिहून घेतात. बाया मोकळेपणाने बोलतात. शेवंतीच्या घरीही त्या गेल्या होत्या, कारण तिची धाकटी संचिता यंदा सातवी पास झाली. शेवंती नव्हती, घराला कडी होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या सकाळी शाळेजवळच्या स्टॉपवर, मुर्ध्याहून येऊन पुढच्या बससाठी थांबलेल्या शेवंती आणि संचिता बाईंना दिसल्या. संचिताच्या अंगावर वेगळ्याच रंगाचा गणवेश होता, पार मीरारोडच्या शाळेचा. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात.

बाई जवळ गेल्या. एवढ्या लांब कशाला घातलंत, हे विचारायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते विचारलं नाही. संचिताला सेमी दिलंय का, एवढंच विचारलं.

"न्हाय. मराठीच," शेवंती म्हणाली. "मी जाऊन बोल्ले त्यांशी."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या.

बस आली. शेवंतीने लेकीला पुढे चढवलं आणि मागून स्वतः चढली. खिडकीतून तिने बाईंकडे पाहून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तेवढीच. बाई शाळेकडे चालू लागल्या. घंटा व्हायला अजून वेळ होता, तरी त्या भराभर चालत होत्या.