वारा पडेपर्यंत

त्या समुद्रकाठच्या गोल्फच्या मैदानावर वारा असा सुटायचा की कुत्रं भुंकायचं पहिल्या होलवर आणि भुंकणं ऐकू यायचं नवव्यावर. एकदा एका दातांच्या डॉक्टरांनी मारलेला चेंडू वाऱ्याने असा माघारी आणला की तो त्यांच्याच खिशात येऊन बसला, आणि डॉक्टर बिचारे संध्याकाळपर्यंत झुडपं धुंडाळत राहिले. तिथले पक्षीसुद्धा उलटे उडायचे, डोळ्यांत वाळू जाऊ नये म्हणून. खोटं वाटत असेल तर वाटू दे. पण तिथे सरळ मारलेला चेंडू सरळ जात नाही, हे मात्र सोळा आणे खरं. झेंडा इथे असला की माणसाने तोंड करायचं तिथे, आणि उरलेलं वाऱ्यावर सोपवायचं.

आणि नेमकी हीच गोष्ट धरून रफूवाली जीव मुठीत घेऊन बसली होती.

रफूवाली म्हणजे बाजारातल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी बसून कपडे रफू करणारी बाई. कोटाला पडलेलं भोक ती असं विणायची की कोटाचा मालक भांडायला यायचा, "अहो, हा माझा नाही, माझ्या कोटाला भोक होतं!" नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात ती आणि तिचा थोरला भाऊ, दोघंच. भावाला सगळे गवतदादा म्हणायचे, कारण अडतीस वर्षं त्या मैदानाचं गवत त्यानेच राखलं होतं. अठरा होल, प्रत्येक होलच्या शेवटी एक हिरवळ, हिरवळीत वाटीएवढं एक भोक, भोकात झेंडा. एकाच जागी गवत तुडवलं जाऊ नये म्हणून ते भोक रोज सकाळी नव्या जागी कापायचं आणि जुनं गवताच्या बुचाने बुजवायचं. हे कापायचं काम दादाने तापात फणफणतानाही दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. निवृत्त झाला तेव्हा क्लबने त्याला पास दिला. दर मंगळवारी एक डाव, हयातभर.

मग मैदान नवं झालं. सात वर्षं झाली त्याला. यंत्रं आली, वाळूच्या टेकड्या उचलून इकडच्या तिकडे झाल्या, होलच्या जागा बदलल्या, आणि जिथे सोळाव्याची हिरवळ होती तिथे काचेचं हॉटेल उभं राहिलं. दादाने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, मनसोक्त नावंही ठेवली होती. पण गेल्या वर्षापासून नेमकी तीच सात वर्षं त्याच्या डोक्यातून पुसली जायला लागली. घरात तसं काही कळायचं नाही. मैदानावर गेला की मात्र तो जुन्याच मैदानावर खेळायचा. असलेले झेंडे त्याला दिसायचे नाहीत, नसलेले दिसायचे. फटका अजून तसाच, सुरीने लोणी कापावं तसा. म्हणून तर जास्त भीती.

गेल्या महिन्यात, वारा नसलेल्या एका मंगळवारी, त्याने एक देखणा चेंडू थेट गाड्या लावायच्या जागेत नेऊन टाकला. एका माणसाच्या कानाजवळून गेला. दुसऱ्या दिवशी क्लबचा सेक्रेटरी घरी आला. चांगला माणूस, दादाच्या हाताखालीच मोठा झालेला.

"ताई, लोक काहीबाही बोलतात," तो दारातच म्हणाला. "दादांना आता उमगत नाही म्हणतात."

"लोकांना काय, जिभेला हाड नाही," रफूवाली म्हणाली. "वय झालं, एखादा चेंडू सुटतो हातून."

"मी स्वतः येतो एक डाव त्यांच्याबरोबर. नीट खेळले तर पास तसाच राहील. नाहीतर..." त्याने चपलेकडे बघितलं. "उद्या कुणाचं डोकं फुटलं तर मी काय तोंड दाखवू?"

मंगळवार गेला तर दादाकडे उरणार काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आठवड्यातून तेवढा एकच दिवस तो आपणहून उठायचा, दाढी करायचा, बुटांना पॉलिश करायचा. बाकी सहा दिवस खुर्चीत.

मग तिने डोकं चालवलं. वाऱ्यात सगळेच भलतीकडे तोंड करून मारतात. त्यात दादा कुठे तोंड करून उभा आहे हे कोण बघणार? पहिल्या मंगळवारी पान हललं नाही, तर तिने सेक्रेटरीला कळवलं, दादाची पाठ धरलीय. दुसऱ्या मंगळवारी चष्मा सापडत नव्हता. तो तिच्याच एप्रनच्या खिशात होता. दादा बुटांना पॉलिश करून दुपारपर्यंत दाराशी बसून राहिला, आणि तिने त्याच्याकडे न बघता सुईत दोरा ओवला.

तिसऱ्या मंगळवारी मात्र वारा आला. काय वारा! शेजारणीची वाळत घातलेली चादर गेली ती गेलीच. म्हणे कोळ्यांनी तिचं शीड केलं आणि दुप्पट मासे आणले.

"चिमे, आज खाली ठेवायचा चेंडू," दादा म्हणाला. साठीच्या बहिणीला तो अजून चिमीच म्हणायचा. "वर गेला की तो समुद्राचा."

बॅग तिने खांद्यावर घेतली. पहिल्याच होलवर दादा झेंड्याच्या चांगला चाळीस पावलं डावीकडे तोंड करून उभा राहिला. जुनी हिरवळ पूर्वी तिथेच होती. दादाने मारला. चेंडू गवताला चाटून गेला, वाऱ्याने त्याला कानाला धरून उजवीकडे ओढलं आणि नव्या हिरवळीच्या तोंडाशी आणून सोडलं. सेक्रेटरीने झेंड्याकडे सरळ मारलेला गेला काट्यांत.

"वा दादा! वाऱ्याचा अंदाज घ्यावा तर तुम्हीच!"

"अंदाज कसला? सरळ तर मारला," दादा म्हणाला. रफूवाली जोरात खोकली.

सगळेच होल असे नशिबाने निभावले नाहीत. पण ती पुढे पुढे चालायची आणि ओरडायची, "दादा, आज झेंडा इकडे कापलाय हं! नव्या पोरांनी!" दादा पुटपुटायचा, "अक्कल गहाण टाकलीय," आणि तिकडे मारायचा. आठव्यावर त्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला, सेक्रेटरीचाही गेला. टोप्या उडाल्या, डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या पाण्यात कुणाला काही धड दिसलं नाही. पंधरावा झाल्यावर सेक्रेटरीने तिच्या हातातली बाटली घेतली, पाणी प्यायला आणि हळूच म्हणाला, "ताई, उगाच घाबरवलं मी तुम्हाला. पास राहू द्या."

ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. तीनच होल राहिले होते.

आणि सोळाव्यावर वारा पडला.

कुणी दार लावून घ्यावं तसा. झेंडा काठीला चिकटला. इतका वेळ काचेच्या आत बसलेली हॉटेलातली माणसं कप घेऊन बाहेर आली, टेबलांवर बसली. एका बाईने बाळाची गाडी उन्हात आणून ठेवली.

सोळाव्याचा झेंडा समोर होता, समुद्राच्या बाजूला. दादाने चेंडू ठेवला, झेंड्याकडे पाठ केली आणि हॉटेलकडे तोंड करून उभा राहिला. काठी चेंडूमागे टेकवली.

सेक्रेटरीने रफूवालीकडे पाहिलं.

"दादा, झेंडा इकडे कापलाय आज," ती म्हणाली.

"काहीतरी सांगू नकोस. सकाळी मीच कापलाय. तो बघ." त्याने काठीने बाळाच्या गाडीकडे दाखवलं. "मऊ मारायचा. दीडशे पावलं."

त्याने काठी मागे नेली. रफूवाली धावली आणि चेंडू उचलून मुठीत धरला.

दादाची काठी हवेतच थांबली. "चिमे! चेंडू उचलला म्हणजे डाव सोडला. एवढंही कळत नाही तुला?"

"कळतं."

"मग?"

ती आणखी एखादा टाका घालू शकली असती. उन्हाने डोळे दिपतात, गुडघा दुखतोय, कितीतरी होतं सांगण्यासारखं. बाळ गाडीत पाय झाडत होतं.

"दादा, सोळावा तिथे नाही. सात वर्षं झाली. तिथे हॉटेल आहे. माणसं बसलीत."

दादा बघत राहिला. आधी हॉटेलकडे, मग सेक्रेटरीकडे. सेक्रेटरीने मान खाली घातली. तेव्हा त्याला पटलं.

"आणि बाकीचे?"

"बाकीचेही नाहीत."

"पहिला?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"मग मी मारत कुठे होतो, चिमे?"

दादाने काठी उलटी करून गवतावर टेकवली आणि तिच्यावर भार दिला. सगळ्या जन्मात त्याने कुणाला तिथे असं टेकू दिलं नव्हतं, गवताला खड्डा पडतो म्हणून.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि वाऱ्याची वाट बघत होतीस. म्हणून माझा चष्मा..." तो थांबला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

सेक्रेटरी पुढे आला. "दादा, पास नसला तरी तुम्ही या. फिरायला या. मी स्वतः येईन बरोबर."

"फिरायला?" दादा म्हणाला. "कुठे फिरू? मला इथलं काही माहीत नाही रे." त्याने शर्टाच्या खिशातून पास काढला, बाहीने पुसला आणि सेक्रेटरीच्या हातात दिला. सेक्रेटरीने तो दोन्ही हातांनी घेतला. मग बराच वेळ त्याला तो ठेवायला खिसा सापडेना.

दोघं बहीणभाऊ निघाले. पंधरा-वीस पावलं गेल्यावर दादा थांबला. समोर टेकडीच्या दोन बाजूंनी दोन वाटा जात होत्या. त्याने दोन्हीकडे पाहिलं.

"घरचा रस्ता तरी तोच आहे ना?"

ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. हो म्हणणं किती सोपं होतं!

"नाही दादा. तोही बदललाय."

"असं," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा हात पुढे केला.